चौकटीबाहेरचे पाय: बालपणीच्या आघातांवरच्या ऑनलाइन थेरपीचं एक प्रकरण

आधी थोडं

हे माझ्या एका क्लायंटचं प्रकरण आहे. वय, काम, घरातली माणसं, काही प्रसंगांचा क्रम, असे ओळख पटवणारे तपशील बदलले आहेत. तिची लेखी परवानगी आहे. मसुदा तिनं स्वतः वाचला आणि दोन ठिकाणी मला दुरुस्त केलं. त्यातली एक दुरुस्ती पुढे येईल. तिला मी इथे नुसतं 'ती' म्हणते आहे. खोटं नाव देऊन पाहिलं होतं, तिला ते अंगावर दुसऱ्याचे कपडे घातल्यासारखं वाटलं.

यशोगाथा म्हणून हे लिहीत नाही. थेरपीच्या चौथ्या महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली. समोरासमोर बसलो असतो तर ती चूक बहुधा झाली नसती. पण समोरासमोरच यायचं अशी अट मी घातली असती, तर ती मुळात आलीच नसती. या कात्रीत निर्णय कसे घेतले आणि त्यातले कोणते आज मला खटकतात, ते मांडते.

पार्श्वभूमी

ती ३४ वर्षांची. तांत्रिक मजकुराच्या भाषांतराचं काम घरूनच करते. तक्रार दोन ओळींची होती: झोप लागत नाही, आणि कामात कुणी कौतुक केलं की दोन दिवस अंथरुणातून उठवत नाही. टीका झाली तर ती खंबीर असायची. कौतुकानं कोसळायची, आणि याचं तिला स्वतःलाच हसू यायचं.

वडिलांचा राग कधी आणि कशावरून भडकेल याचा नेम नसे. संध्याकाळी किल्ली कुलपात कशी फिरते, यावरून आज घरात काय होणार हे तिला सातव्या वर्षापासून ओळखता यायचं. आई भांडत नसे. आई बोलणं बंद करायची, कधी चार-चार दिवस. धाकट्या भावाचा अभ्यास, त्याचं जेवणखाण, त्याची शाळेतली भांडणं हे सगळं तिच्याकडे. शिक्षा म्हणून तिला एका खोलीत घालून बाहेरून कडी लावली जाई. किती वेळ, हे कधी सांगितलं जात नसे. तिच्या आठवणीत तो भाग सर्वांत जड होता. अंधाराची किंवा एकटेपणाची भीती तिला फारशी आठवत नाही. कडी कधी निघणार हे माहीत नसणं मात्र लख्ख आठवतं.

"तसं मोठं काही झालंच नाही हो माझ्या बाबतीत," हे वाक्य पहिल्या भेटीत तिनं पाच वेळा म्हटलं. मी मोजलं, कारण अशा बालपणातून आलेले लोक हे वाक्य हमखास म्हणतात. यात सांगण्यासारखी एक घटना नसते, तारीख नसते, व्रण नसतो. शिवाय जे मिळायला हवं होतं ते मिळालं नाही, याची आठवण राहणार कशी? संशोधकांचीही इथे गफलत झाली होती. बालपणातल्या प्रतिकूल अनुभवांवरचा १९९८ चा गाजलेला अमेरिकी अभ्यास सात प्रकारच्या अनुभवांवर आधारलेला होता. भावनिक दुर्लक्ष, शारीरिक दुर्लक्ष आणि आईवडिलांचं विभक्त होणं ही तीन खाती त्यात नंतर जोडली गेली. आज ज्या 'दहा प्रश्नां'चा सगळीकडे उल्लेख होतो, ते दहा तेव्हा झाले.

आमच्याआधी तिनं दोन ठिकाणी थेरपी सुरू करून सोडली होती. एके ठिकाणी तिसऱ्या, दुसरीकडे पाचव्या भेटीनंतर. कारण दोन्हीकडे एकच, आणि ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं: बंद दाराच्या खोलीत एका माणसासमोर बसणं तिला जमत नव्हतं. गोपनीयतेसाठी दार बंद करणं आम्हा मंडळींच्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की त्या दाराकडे आमचं लक्षच जात नाही.

अडचण नेमकी काय होती

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती, आयसीडी-११, १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पीटीएसडी म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक ताणाचा विकार. या आवृत्तीत त्याचं गुंतागुंतीचं रूप, कॉम्प्लेक्स पीटीएसडी, हे स्वतंत्र निदान आहे. मानसिक विकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात, डीएसएम-५ मध्ये, ते वेगळं दिलेलं नाही. आयसीडी-११ प्रमाणे आधी पीटीएसडीची तिन्ही लक्षणं हवीत: भूतकाळ आत्ता घडतोय असं अनुभवणं, त्याची आठवण देणारं सगळं टाळणं, आणि धोका सतत डोक्यावर असल्यासारखी सावधता. त्यांच्या जोडीला आणखी तीन गोष्टी लागतात. भावनांवर ताबा न राहणं, स्वतःविषयी खोलवर रुजलेली हीन भावना, आणि नाती टिकवण्यात सतत अडचण.

आयटीक्यू नावाची १८ प्रश्नांची प्रश्नावली यासाठीच बनवलेली आहे. ती भरली तेव्हा सगळ्या गटांत तिचे निकष पूर्ण झाले. पण प्रश्नावलीपेक्षा मला जास्त सतावत होती ती दुसरी एक गोष्ट. बोलता बोलता ती 'निघून जायची'. शब्द तिचाच. वाक्य पूर्ण व्हायचं, आवाज शांत असायचा, पण ती तिथे नसायची. मनाच्या अशा तुटून निघून जाण्याला डिसोसिएशन म्हणतात. ते मोजायची २८ प्रश्नांची डीईएस ही प्रश्नावलीही भरून घेतली. तिच्यात गुण वाढलेले आले, फार टोकाचे नाहीत. आपण जमवू, असं मला त्यावरून वाटलं. हा आकडा मी सोयीनं वाचला का, हा प्रश्न नंतर सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे माझ्या कामावर नजर ठेवणाऱ्या वरिष्ठ थेरपिस्टशी बोलताना, निघाला, आणि रास्त होता.

आत्महत्येचे विचार सध्या नव्हते. पूर्वी, विशीत, येऊन गेले होते. नवरा समजूतदार. मारहाण करणारं किंवा नजर ठेवणारं कुणी आजच्या घरात नव्हतं. हे तपासणं ऑनलाइन थेरपीत सगळ्यांत आधी येतं, कारण छळणारा माणूस पलीकडच्या खोलीत बसलेला असेल तर क्लायंटला त्याच घरातून मन मोकळं करायला लावणं धोक्याचं असतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, प्रत्यक्ष भेटणाऱ्या थेरपिस्टकडे पाठवणं. पाठ्यपुस्तकी उत्तर हेच. पण ती तिसऱ्यांदा सोडून जाण्याची शक्यता मला खूप वाटत होती, आणि तिसऱ्यांदा सोडलं की 'माझ्यातच खोट आहे' या समजुतीला आणखी एक पुरावा मिळतो.

दुसरा, फक्त लिहून बोलणं. तिला हा आवडला असता. शब्दांवर तिची हुकमत होती. तिथेच मला भीती वाटली. ती मला सुंदर, नेमके परिच्छेद पाठवत राहील आणि कुठेच नसेल.

तिसरा, व्हिडिओ. तिची अट: माझा कॅमेरा सुरू, तिचा बंद.

मी तिसरा निवडला, मुदत घालून. तिचा कॅमेरा बंद राहील, पण दर दहा मिनिटांनी मी विचारेन आणि ती आपली अस्वस्थता किती आहे याचा शून्य ते दहा यांपैकी एक आकडा सांगेल. पाच सेशननंतर आपण याचा फेरविचार करू. या व्यवस्थेबद्दल मी मसुद्यात लिहिलं होतं, 'तिनं स्वतःला बंद करून घेतलं होतं.' तिनं ते खोडून समासात लिहिलं: 'दार लोटून घेतलं होतं. कडी लावली नव्हती.' दुरुस्ती बरोबर आहे, मी मान्य केली.

जागेचा प्रश्न वेगळाच निघाला. घरात भिंती पातळ, माणसांची ये-जा. ती म्हणाली, उभ्या गाडीत बसून बोलते. मी आधी नाहीच म्हणत होते. मग लक्षात आलं, तिच्या जगात जिच्या दाराची कडी तिच्या हातात आहे अशी ही एकमेव खोली आहे. नियम ठरले: गाडी रोज एकाच ठिकाणी उभी, इंजिन बंद, किल्ली मागच्या सीटवर, सेशननंतर अर्धा तास गाडी चालवायची नाही. दर सेशनच्या सुरुवातीला ती कुठे आहे हे मला सांगायचं. नवऱ्याचा नंबर माझ्याकडे, आणि कोणत्या परिस्थितीत मी तो वापरेन हे लेखी.

कागदावर सगळं नीट होतं. फक्त लिंक तुटली तर काय, याबद्दल एकच ओळ होती: 'पुन्हा जोडण्याचा प्रयत्न करू.'

सुरुवातीचे महिने

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये गुंतागुंतीच्या आघाताची कल्पना मांडली आणि उपचाराचे तीन टप्पे सांगितले: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग जगाशी पुन्हा जोडून घेणं. पहिला टप्पा किती लांबवायचा यावर आमच्या क्षेत्रात वाद आहे. २०१६ मध्ये काही संशोधकांनी उघड विचारलं, की 'आधी स्थिर करू' म्हणत आपण लोकांना मूळ उपचारापासून उगाच लांब ठेवतो का? मी मधली माणूस आहे. तीनेक महिने कौशल्यांवर घालवायचे असं ठरवलं: भावनेला नाव देणं, शरीरात ती कुठे जाणवते ते ओळखणं, 'निघून जाण्या'ची चाहूल लागली की पाय जमिनीवर दाबणं, आसपासच्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घेणं.

या काळात एक अडचण आली, जी कुठल्याच पुस्तकात मला सापडली नसती. मी तिला 'तुम्ही' म्हणत होते. प्रौढ क्लायंटला मी तुम्हीच म्हणते. पण मी "बरोबर आहे तुमचं" म्हटलं की तिचा आकडा तीनवरून सातवर जायचा. नवव्या सेशनला उलगडा झाला. वडील आरडाओरडा करताना 'तू' म्हणत. खरा धोका असायचा तो आवाज खाली आला आणि 'तू'चं 'तुम्ही' झालं की. "बरोबर आहे बाईसाहेब तुमचं." त्यानंतर कडी.

आता काय करायचं? 'तू' म्हणायला लागावं तर तिनंही मला 'तू' म्हणायला हवं, नाहीतर मी वर आणि ती खाली अशी उतरंड तयार होते. आणि तिला मला 'तू' म्हणवत नव्हतं. 'तुम्ही' तसंच ठेवावं तर दर वाक्याला ठेच. आम्ही 'तुम्ही'च ठेवलं, ते एक वाक्य टाकलं, आणि एक खूण ठरवली. कधीही तिनं "हा त्यांचा तुम्ही वाटला" म्हणायचं, मी थांबायचं. सुरुवातीला एकेका सेशनमध्ये चार-पाच वेळा थांबावं लागे. एका अर्थी ही आमची पहिली खरी थेरपी होती. शब्द तोच, माणूस वेगळा, हे तिचं शरीर हळूहळू शिकत होतं.

सहाव्या सेशनला तिनं कॅमेरा सुरू केला. दिसलं गाडीचं छत. आठव्याला चेहरा. मला आनंद झाला, आणि त्या आनंदात मी ठरलेला दहा-दहा मिनिटांचा आकडा विचारणं सैल केलं. आता दिसतंय की, विचारायचं कशाला? पण दिसत होता फक्त चेहरा. आणि चेहरा शांत ठेवणं ही तिची लहानपणापासूनची कमाई होती. तिचे पाय माझ्या चौकटीबाहेर होते.

चौदावं सेशन

बाराव्या सेशनपासून ती मागे लागली होती: "त्या खोलीचं एकदाचं करून टाकू." मला घाई वाटत होती. पण तिनं स्वतःहून काही मागणं हीच इतकी नवी गोष्ट होती, की मला नाही म्हणवेना. चौदाव्या सेशनला आम्ही त्या आठवणीत गेलो. खोली, कडीचा आवाज, दाराखालची उजेडाची रेघ.

अठ्ठावीस मिनिटं झाली असताना माझ्याकडचं इंटरनेट गेलं.

नंतर तिनं सांगितलं ते असं: माझा चेहरा पडद्यावर गोठला, तोंड अर्धवट उघडं. आवाज बंद. आणि किती वेळ, हे माहीत नाही. जी आठवण आम्ही उघडली होती, तीच तिला पुन्हा जगायला लागली. फरक इतकाच, की या वेळी कडी माझ्या बाजूला होती.

मी लिंक पुन्हा जोडायच्या खटपटीत होते. फोन करायचं सुचलं ते सातव्या-आठव्या मिनिटाला. तिनं उचलला नाही. अकराव्या मिनिटाला लिंक जोडली गेली. ती समोर होती. "हो, मी ठीक आहे. नेट गेलं होतं ना? आज थांबू या का?" आवाज सपाट, चेहरा शांत, पापण्या जवळजवळ हलत नव्हत्या. हे सगळं मी पाहिलं आणि तरी सुटल्यासारखं वाटून हो म्हटलं. वेळही संपत आली होती. किल्ली कुठे आहे विचारलं नाही, आकडा विचारला नाही, पाय कुठे आहेत विचारलं नाही.

ती त्यानंतर जवळपास तीन तास गाडीत बसून होती. पाय सीटवर ओढून घेतलेले. फोनची बॅटरी संपली. नवरा शोधत खाली आला तेव्हा तिला कोणतं साल चालू आहे हे सांगता येत नव्हतं. तिनं स्वतःला काही इजा केली नाही. रात्री ती सावरली. मला हे कळलं दुसऱ्या दिवशी, नवऱ्याच्या फोनवरून, आणि त्याच्या आवाजातला राग अगदी योग्य होता.

तीन आठवडे

पुढचे दोन मंगळवार ती आली नाही.

इथे काय करायचं हा मला या प्रकरणातला सगळ्यांत कठीण निर्णय वाटतो. गप्प बसावं तर मी तिची आई होते, चार दिवस न बोलणारी. फोन आणि मेसेज करत राहावं तर वडील, दार ढकलून आत येणारे. सुपरव्हायझरशी बोलून मी एकच मेसेज पाठवला:

'त्या दिवशी लिंक तुटली तेव्हा काय करायचं याची तयारी मी केली नव्हती, आणि परत जोडल्यावर तुम्ही ठीक आहात का हे नीट तपासलं नाही. मंगळवारची वेळ तुमची आहे. मी दर मंगळवारी पहिली पंधरा मिनिटं लिंकवर असेन. आलात तर बोलू. नाही आलात तर त्याचा कुठलाही अर्थ मी लावणार नाही. यापुढे मी स्वतःहून मेसेज करणार नाही. फक्त जिवाला धोका वाटला तर तुमच्या पतींना फोन करेन, जे आपलं आधीच ठरलंय.'

पहिल्या मंगळवारी मी पंधरा मिनिटं रिकाम्या पडद्यासमोर बसले. दुसऱ्या मंगळवारीही. थेरपिस्टनं असं थांबून राहणं म्हणजे दबाव आहे, असं म्हणणारे सहकारी मला भेटले आहेत. मला ते पटत नाही, कारण किती वेळ थांबणार हे मी आधी सांगितलं होतं. तिच्या बालपणात नेमकं तेवढंच कुणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या मंगळवारी ती आली. कॅमेरा बंद. मी माफी मागितली तर ती भडकली. "माफीनंतर काय येतं ते मला पाठ आहे. आधी खेळणं येतं, मग आठवड्यानं तेच." चार महिन्यांत तिचा राग मी पहिल्यांदा ऐकला. मी स्वतःची बाजू मांडली नाही. विचारलं, "मग माफीऐवजी काय हवं?" ती म्हणाली, "कागद."

पुन्हा बांधणी

थेरपी चालू ठेवायची का, यावर चार मतं होती. नवऱ्याचं मत, बंद करा. सुपरव्हायझरचं मत, प्रत्यक्ष भेटणाऱ्या कुणाकडे तरी सोपवा. माझं, ऑनलाइनच, पण आठवणींचं काम काही महिने बाजूला, आणि जोडीला प्रत्यक्ष भेटणारे मनोविकारतज्ज्ञ. तिचं मत होतं: "दुसऱ्या कुणाला परत पहिल्यापासून सांगणार नाही." शेवटी माझं मत ठरलं, एका अटीवर: पुन्हा असा प्रसंग आला तर सोपवण्याचा निर्णय सुपरव्हायझर घेतील, मी नाही. ही अट मला टोचली. आवश्यक होती. मनोविकारतज्ज्ञांनी झोपेसाठी औषध सुरू केलं. त्यात काय आणि किती हा त्यांचा प्रांत.

कागद आम्ही दोघींनी मिळून तीन सेशन बसून लिहिला. लिंक तुटली तर एक मिनिट थांबायचं. मग मी फोन करायचा, नेहमी मीच, आणि तो साध्या फोनवर, इंटरनेटवरून नाही. तोवर तिनं डॅशबोर्डवर चिकटवलेलं कार्ड मोठ्यानं वाचायचं. त्यावर तिचं आजचं वय, साल, आणि तिनंच सुचवलेली ओळ: 'या दाराची कडी आतून आहे.' पाच मिनिटांत बोलणं झालं नाही तर नवऱ्याला फोन. त्यानं खाली यायचं, काचेवर टकटक करायचं, स्वतःचं नाव सांगायचं. दार बाहेरून उघडायचं नाही. नवऱ्याला यातलं किती सांगायचं याची हद्दही तिनं आखून दिली. मोबाइल आता मागे सरकवून स्टँडवर, म्हणजे चेहऱ्यासोबत हात आणि गुडघे दिसतील. पाय तरीही पूर्ण दिसत नसत; ते कुठे आहेत हे मी विचारायचं.

मग एक गृहपाठ सुचला, जो प्रत्यक्ष खोलीत देताच आला नसता. मी तिला म्हटलं, "आज सेशनमध्ये दोनदा मुद्दाम कॉल कट करा. न सांगता. आणि वाटेल तेव्हा परत या."

तिला ते जमेना. बोट बटणावर जायचं, परत यायचं. शेवटी तिनं कट केला आणि चार सेकंदांत परत आली, धापा टाकत. "तुम्ही रागावलात?" मी होते तिथेच होते. पुढच्या आठवड्यात वीस सेकंद. त्यानंतर दीड मिनिट, आणि परत आल्यावर हसत. हे आम्ही सहा आठवडे केलं. नंतर बाजू बदलली: मी आधी सांगून कट करायचा, "तीस सेकंदांत येते," आणि बरोबर तीस सेकंदांत यायचं. मग न सांगता. ऑनलाइन माध्यमाची जी त्रुटी आम्हाला नडली होती, तिचाच सराव झाला. लोक ऑनलाइन थेरपीला 'अंतराची थेरपी' म्हणतात. मला आता वाटतं की तिच्यासाठी ते लाल बटण हीच सगळ्यांत मोठी सोय होती. निघून जायचं तर ते आत, नजरेआड न जाता बाहेर, उघड जाता येत होतं.

आठवणींचं काम दहाव्या महिन्यात पुन्हा सुरू केलं. मी ईएमडीआर ही आघाताच्या आठवणींवर काम करण्याची उपचारपद्धत शिकलेली आहे. त्यात डोळ्यांच्या हालचाली किंवा डाव्या-उजव्या बाजूला आलटून पालटून स्पर्श वापरतात. पडद्यावर हलणाऱ्या ठिपक्यामागे नजर फिरवणं तिला नको होतं, म्हणून दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवून स्वतःच आळीपाळीनं थोपटण्याची पद्धत घेतली. ती १९९७ च्या पॉलीन चक्रीवादळानंतर मेक्सिकोत वाचलेल्या लोकांबरोबर काम करताना तयार झाली. वेग आणि थांबणं दोन्ही तिच्या हातात राहायचं. सेशन ७५ मिनिटांचं केलं, पण आठवणीत वीस मिनिटांहून जास्त नाही, आणि शेवटची पंचवीस मिनिटं आठवणीचा विषयच नाही.

एक पथ्य मी काटेकोर पाळलं. 'आणखी काही झालं असेल का?' असं मी कधीच विचारलं नाही. अशा प्रश्नांनी आठवणी सापडण्याऐवजी घडू शकतात, हे आमच्या व्यवसायाला बरीच किंमत मोजून कळलेलं आहे. तिनं मात्र स्वतःहून एक दिवस भावाला फोन केला. विचारायचं होतं फक्त एवढंच, की किती वेळ असायचे मी त्या खोलीत. त्याला वेळ सांगता आला नाही. तो म्हणाला, "मी दाराबाहेरच बसलेलो असायचो. तुला माहीत नव्हतं?"

तिला माहीत नव्हतं. त्या सेशनला आम्ही थोपटणं वगैरे काही केलं नाही. ती बराच वेळ रडली, कॅमेरा सुरू ठेवून.

काय बदललं, काय नाही

एकूण १९ महिने, ६१ सेशन. दुःस्वप्नं आठवड्यातून चार-पाच रात्री पडत, ती महिन्यातून एखाद-दुसरी झाली. आयटीक्यू पुन्हा भरली तेव्हा पीटीएसडीच्या भागाचे निकष पूर्ण होत नव्हते. नात्यांबद्दलच्या प्रश्नांचे गुण मात्र जवळपास होते तिथेच. कौतुक झालं तर आता दोन दिवस जात नाहीत, दुपार जाते. वडिलांचा फोन ती ठरलेल्या दिवशी, ठरलेला वेळच घेते. आईबद्दल आम्ही फारसं पुढे गेलो नाही. मारणाऱ्यावर रागावता येतं. गप्प बसणाऱ्या माणसावर रागावणं तिला अजून जमत नाही.

शेवटच्या दोन भेटी प्रत्यक्ष झाल्या, तिच्याच आग्रहानं. खोलीचं दार अर्धं उघडं, पलीकडच्या खोलीत कुणी नाही याची खात्री करून. ती आत आली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही बुटक्या आहात. आणि तुम्हालाही पाय आहेत."

आज हेच प्रकरण आलं तर

लिंक तुटण्याची योजना पहिल्या सेशनला, आणि तिची रंगीत तालीम दुसऱ्या. नुसती लिहून ठेवलेली योजना ऐन वेळी आठवत नाही. मलाच आठवली नसती. डिसोसिएशन असलेल्या क्लायंटसोबत माझ्याकडे इंटरनेटची दुसरी सोय चालू असल्याशिवाय मी आता आठवणीचं काम सुरू करत नाही.

कॅमेरा सुरू झाला म्हणून आकडा विचारणं थांबवणार नाही. आणि "मी ठीक आहे" हे उत्तर स्वीकारण्याआधी तीन साध्या गोष्टी विचारेन: आज वार कोणता, पाय कुठे आहेत, हातात काय आहे.

बाराव्या सेशनपासूनच्या तिच्या आग्रहापुढे मी नमले, ते चूक होतं की नाही याबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. थांबवलं असतं तर तिच्या पहिल्यावहिल्या मागणीला नकार गेला असता. बहुधा मधली वाट होती: त्या खोलीऐवजी आधी एखादी हलकी आठवण घ्यायची आणि ती पेलते का पाहायचं. तेव्हा मला ते सुचलं नाही.

पाच सेशन कॅमेरा बंद ठेवू दिला, यावर सुपरव्हायझर अजून असहमत आहेत. मी आजही देईन.

सहा महिन्यांनंतर

पाठपुराव्याचं एक सेशन ठेवलं होतं. घरात आता तिला स्वतंत्र खोली मिळाली आहे, तरी ती गाडीतूनच आली. मध्येच चित्र अडकलं. मी फोन उचलला, मिनिट मोजू लागले. चाळीस सेकंदांत चित्र परत आलं तेव्हा ती कार्ड वाचत नव्हती, पर्समध्ये काहीतरी शोधत होती. "आलात का? मग, काय सांगत होते मी..." म्हणून तिनं पुढचं वाक्य सुरू केलं.